झेब्रा क्रॉसिंग म्हणजे रस्त्यात आलेला फूटपाथच

मागच्या अंकात एका वाचकाने विचारलं होतं की झेब्रा क्रॉसिंगवर कुणी चालत असेल तर गाडी थांबवणं सक्तीचं आहे की नुसता शिष्टाचार, आणि जागा कमी होती म्हणून मी दोन ओळीत "सक्तीचं आहे" एवढंच लिहून सोडलं होतं. त्यावर इतके मेसेज आणि पत्रं आली की यावेळचा सगळा कॉलम त्यालाच देतेय. मी स्वतः सिव्हिल इंजिनिअर, बरीच वर्षं रस्त्याच्या मार्किंगच्या कामावर होते, रात्री बारानंतर रस्ता बंद करून पट्टे मारून घेतलेत, त्यामुळे हा विषय माझ्या अगदी जवळचा आहे.

प्रश्न : मी ७१ वर्षांची आहे. रोज सकाळी भाजी आणायला कर्वे रोड ओलांडावा लागतो. पट्ट्यांवर उभी राहून हात दाखवते पण एकही गाडी थांबत नाही, उलट हॉर्न वाजवतात. मग त्या पट्ट्यांना काही अर्थ आहे की नुसता रंग आहे? – एक आजी, पुणे

आजी, अर्थ आहे आणि तो कायद्यात लिहिलेला आहे. २०१७ साली केंद्र सरकारने गाडी चालवण्याचे नवे नियम काढले, मोटार व्हेइकल्स ड्रायव्हिंग रेग्युलेशन्स म्हणतात त्यांना, त्यात स्पष्ट आहे की जिथे सिग्नल नाही अशा क्रॉसिंगजवळ येताना ड्रायव्हरने वेग कमी करायचा, थांबायचं आणि चालणाऱ्या माणसाला, व्हीलचेअरवरच्या माणसाला आधी जाऊ द्यायचं. त्याआधीचे १९८९ चे नियम होते त्यातही होतं की क्रॉसिंगजवळ वेग कमी करा आणि तिथल्या माणसांना धोका नाही याची खात्री झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. म्हणजे हे काही काल-परवाचं फॅड नाहीये, निदान पस्तीस वर्षं जुनी गोष्ट आहे, फक्त लायसन काढताना पाठ करून लोक विसरून जातात.

मी नेहमी असं सांगते की झेब्रा म्हणजे फूटपाथच आहे, तो रस्त्याच्या या कडेला संपत नाही, पट्ट्यांच्या रूपाने रस्त्यातून पलीकडे जातो. त्यामुळे तिथे तुम्ही गाड्यांच्या जागेत जात नसता, गाड्या तुमच्या जागेवरून जात असतात. हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सगळे नियम आपोआप कळतात.

आता तुम्ही म्हणाल की कागदावरचं कागदावर, मला भाजी आणायचीय. खरंय. आणि हक्क आहे म्हणून डोळे मिटून पाऊल टाका असं मी कधीच सांगणार नाही, कारण थांबायची इच्छा असलेल्या माणसालाही गाडी जागच्या जागी थांबवता येत नाही. पन्नासच्या स्पीडने येणारी गाडी सेकंदाला १४ मीटर जाते, माणूस दिसला, डोक्यात शिरलं, पाय ब्रेकवर गेला यातच एखादा सेकंद जातो आणि मग ब्रेक लागून थांबायला कोरड्या रस्त्यावर अजून तेवढंच अंतर, म्हणजे २८ मीटर झाले, पीएमपीच्या दोन मोठ्या बस एकामागे एक उभ्या केल्या तर त्याहून जास्त. तीच गाडी तीसच्या स्पीडला असेल तर साधारण १३ मीटरमध्ये थांबते. तर आजी, गाडी लांब असतानाच हात करा, तोंड गाडीकडे ठेवा, ड्रायव्हरच्या डोळ्यात बघा, त्याने वेग कमी केलेला दिसला की चालायला लागा आणि मध्ये पळू नका की मागे फिरू नका, कारण गाडीवाला तुमच्या चालीचा अंदाज घेऊन बाजूने काढत असतो आणि तुम्ही अचानक थांबलात की त्याचा अंदाज चुकतो. दोन-चार जण जमले की एकत्र ओलांडा, घोळका दिसला की गाड्या थांबतात हे मी स्वतः कितीतरी चौकात उभी राहून बघितलंय.

हॉर्न वाजवणाऱ्यांचं मनावर घेऊ नका, नियम त्यांनी मोडलाय. आपल्या देशात २०२२ साली रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यातली ३२,८२५ नुसती चालत होती, म्हणजे जवळजवळ पाचातला एक. त्यात तुमच्यासारख्या भाजी आणायला निघालेल्या किती असतील याचा विचार आला की मला अजूनही गलबलून येतं.

प्रश्न : सिग्नल लाल होता, मी थांबलो होतो, फक्त पुढचं चाक पट्ट्यांवर होतं. तरी पाचशेचं चलान आलं. सिग्नल तोडला नाही तर दंड कसला? – कॉलेजचा विद्यार्थी, नाशिक

दंड बरोबर आहे मित्रा. पट्ट्यांच्या अलीकडे एक आडवी जाड पांढरी रेघ असते बघ, ती स्टॉप लाइन, लाल सिग्नलला गाडी तिच्या मागे थांबली पाहिजे, चाकसुद्धा पुढे नाही. सिग्नल तोडणं हा वेगळा आणि जास्त मोठा गुन्हा आहे, तो मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये येतो. तुझं जे झालं ते साध्या कलम १७७ मधलं, पहिल्या वेळी ५०० आणि पुन्हा केलंस तर १५००.

"फक्त पुढचं चाक" म्हणतोस ना, तर तुझ्यामागे अजून दहा दुचाकी असतात आणि त्या तुझ्या बाजूने अजून थोड्या पुढे येतात, मग रिक्षा त्यांच्या पुढे, असं करत सगळा झेब्रा भरून जातो आणि कडेवर पोर घेतलेली बाई तुमच्या चाकांच्या पुढून, म्हणजे थेट चौकाच्या मध्यातून जाते जिथे दुसऱ्या बाजूची ट्रॅफिक सुटलेली असते. ती रेघ त्या बाईसाठी आहे.

अजून एक, पुढे ट्रॅफिक तुंबलेलं दिसत असेल तर सिग्नल हिरवा असला तरी झेब्रावर जाऊन अडकायचं नाही, पलीकडे गाडीला जागा मिळेपर्यंत अलीकडेच थांबायचं, हेही त्याच २०१७ च्या नियमांत आहे. आणि फ्री लेफ्ट असला तरी डावीकडे वळताना तिथे कुणी चालत असेल तर आधी त्याला जाऊ द्यायचं.

प्रश्न : त्याला झेब्रा का म्हणतात? आणि पट्टे उभेच का, आडवे का नाहीत? – इयत्ता ८ वी, सांगली

फार छान प्रश्न विचारलास. ही गोष्ट इंग्लंडमध्ये सुरू होते. १९३४ साली तिकडे रस्त्यावरच्या अपघातात ७,३४३ माणसं गेली, तेव्हा लेस्ली होर-बेलिशा नावाचे परिवहन मंत्री होते, त्यांनी रस्ता ओलांडायच्या जागी काळ्या-पांढऱ्या खांबावर नारिंगी गोल दिवे लावले, त्यांना अजूनही बेलिशा बीकन म्हणतात. पण रस्त्यावर खूण म्हणून तेव्हा नुसते धातूचे खिळे ठोकलेले असायचे आणि ते गाडीतून लांबून दिसायचेच नाहीत. मग जमिनीवर रंग मारून बघू असं ठरलं. १९४९ मध्ये साधारण हजार ठिकाणी प्रयोग केले, त्यात निळे-पिवळे पट्टेसुद्धा होते, पण सगळ्यात लांबून उठून दिसले ते काळ्या रस्त्यावरचे पांढरे, म्हणून १९५१ मध्ये तेच कायद्यात आले. काळे-पांढरे पट्टे म्हणून झेब्रा. जेम्स कॅलाहन म्हणून एक नेते त्यावेळी परिवहन खात्यात होते, पुढे ते इंग्लंडचे पंतप्रधान झाले, ते नाव त्यांनी दिलं असं तिकडे सांगतात.

आता पट्टे उभे का, ते घरीच करून बघ. एका कागदावर जाड पट्टे काढ आणि कागद टेबलावर ठेवून डोळा टेबलाच्या कडेला आण. पट्टे तुझ्यापासून लांब जाणारे असतील तर ते वेगवेगळे दिसतात, पण आडवे ठेवलेस तर एकमेकांत मिसळून एकच पांढुरकी रेघ दिसते. ड्रायव्हरचा डोळा रस्त्यापासून जेमतेम मीटर-सव्वा मीटर वर असतो आणि तो पन्नास-साठ मीटरवरून बघत असतो, त्यामुळे गाडीच्या दिशेला धरून मारलेले पट्टेच त्याला पट्टे म्हणून दिसतात. आपल्याकडे ते साधारण अर्धा मीटर रुंद आणि मध्ये तेवढीच मोकळी जागा असे मारतात, सुट्टीत टेप घेऊन मोजायला जाऊ नकोस मात्र, फोटो काढून मोज.

आणि मुंबईला दादरला गेलास तर सिग्नलच्या दिव्यात चालणाऱ्या माणसाऐवजी फ्रॉकवाली बाई दिसेल, २०२० मध्ये महापालिकेने दादर-माहीमच्या बाजूला त्या आकृत्या लावल्या.

प्रश्न : मुलाला शाळेत सोडताना चार पदरी रस्ता आहे. परवा एक कारवाला आमच्यासाठी थांबला, आम्ही निघालो आणि त्याच्या बाजूने एक बाईक जोरात आली, एका हाताच्या अंतराने वाचलो. चूक कुणाची? आणि मुलाला शिकवू काय? – एक आई, डोंबिवली

ताई, पत्र वाचून काटा आला. चूक बाईकवाल्याची. क्रॉसिंगपाशी पुढची गाडी थांबली असेल तर ती का थांबली हे बघितल्याशिवाय तिच्या बाजूने पुढे काढायचीच नाही. पण त्याला तुम्ही दिसत नव्हतात आणि तुम्हाला तो दिसत नव्हता, मधल्या कारने दोघांच्याही डोळ्यांवर पडदा टाकला होता, आणि थांबलेली गाडी जितकी मोठी, म्हणजे बस किंवा टेम्पो, तितका हा पडदा मोठा. ज्याने चांगुलपणाने थांबवलं त्याच्यामुळेच आपण निर्धास्त होतो आणि पुढच्या लेनमध्ये सापडतो. एकापेक्षा जास्त लेनच्या रस्त्यावरचा हा सगळ्यात वाईट प्रकार आहे असं माझं अनुभवाने झालेलं मत आहे.

मुलाला एकच गोष्ट घोटून घोटून शिकवा, की थांबलेल्या गाडीच्या पुढच्या कोपऱ्यापाशी पुन्हा थांबायचं, मान पुढे काढून दुसरी लेन बघायची आणि मगच पुढे. प्रत्येक लेन हा नवीन रस्ता समजायचा. आधी उजवीकडे बघायचं कारण आपल्याकडे गाड्या डावीकडून चालतात म्हणजे जवळचा धोका उजवीकडून येतो, मग डावीकडे, मग परत उजवीकडे. लहान मुलाचा हात मनगटाला धरा, बोटं धरली की सटकतात. दहा वर्षांच्या आतल्या मुलाला येणाऱ्या गाडीचा वेग नीट कळत नाही, त्याने "लांब आहे" म्हटलं तरी विश्वास ठेवू नका, आणि ते तो हट्टीपणाने करत नाही, त्याचं तेवढं वय झालेलं नसतं.

गाडी चालवणाऱ्या वाचकांनाही सांगते, क्रॉसिंगला अगदी चिकटून थांबू नका, चार-पाच मीटर अलीकडे थांबा, म्हणजे तुमच्या बाजूने येणाऱ्याला चालणारा माणूस आधी दिसतो. आणि झेब्राच्या जवळ गाडी पार्क करायला मनाई आहे ती याच कारणासाठी, उभ्या गाडीच्या मागून पोर बाहेर येतं ते शेवटच्या क्षणीच दिसतं.

शाळेला पत्र देऊन त्या जागी उंच क्रॉसिंग मागा, म्हणजे पट्ट्यांची जागा फूटपाथएवढी उचललेली असते, टेबल टॉप म्हणतात त्याला. तिथे गाडीला हळू व्हावंच लागतं, ड्रायव्हरचा स्वभाव कसाही असला तरी.

प्रश्न : मी तीन वर्षं इंग्लंडमध्ये स्लाव गावात राहतो. इथे नुसतं कडेला उभं राहिलं तरी गाड्या थांबतात. कोल्हापूरला आलो आणि सवयीने पाऊल टाकलं तर भावाने खेचून मागे घेतलं. आपल्याकडे हे कधी होणार? – मूळ कोल्हापूरकर

तुम्ही ज्या गावात राहता तिथल्याच हाय स्ट्रीटवर १९५१ मध्ये पहिला झेब्रा झाला, हे तुम्हाला माहिती असेलच, नसेल तर येताजाता बघून या. तिकडे क्रॉसिंगच्या दोन्ही बाजूंना नागमोडी पांढऱ्या रेघा असतात, त्या भागात ओव्हरटेक नाही आणि पार्किंगही नाही, आणि २०२२ च्या जानेवारीपासून त्यांच्या हायवे कोडमध्ये नुसतं ओलांडायला उभ्या असलेल्यालाही आधी जाऊ द्या असं आलं. पण पट्टे आले आणि दुसऱ्या दिवशी लोक सुधारले असं तिकडेही नाही झालं, सत्तर वर्षं लागलीत, आणि सिग्नलवाली क्रॉसिंग, कॅमेरे, लायसनची कडक परीक्षा हे सगळं त्यामागे आहे.

आपल्याकडे नियम साधारण तसाच आहे, त्यामागची माणसं आणि यंत्रणा उभी करायचीय. अगदीच काही हललं नाही असं मात्र म्हणू नका. २०१६ मध्ये पुणे महापालिकेने पादचाऱ्यांसाठी वेगळं धोरण केलं, २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रोड गाड्यांना बंद करून पादचारी दिन करतात, आणि मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की चालायला मोकळा फूटपाथ मिळणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. मला यातून खरंच उमेद वाटते.

सुट्टीत याल तेव्हा पहिले दोन दिवस भावाचं ऐका. आणि जर्मनीला किंवा अमेरिकेला गेलात तर आधी डावीकडे बघायचं लक्षात ठेवा, तिथे गाड्या उलट्या बाजूने चालतात.

प्रश्न : मी व्हीलचेअर वापरतो. आमच्या चौकात झेब्रा मारलाय पण तो थेट दुभाजकाच्या दगडावर जाऊन संपतो. – नागपूर

हे वाचून फार वाईट वाटलं, कारण ही चूक आमच्या धंद्यातली आहे आणि टाळता येण्यासारखी आहे. रंगवणारा पट्टे मारून जातो, दुभाजक बांधणारा दुसरा, फूटपाथ करणारा तिसरा, आणि शेवटी त्या वाटेवरून व्हीलचेअर ढकलून कुणी बघत नाही. पट्ट्यांच्या रेषेत दुभाजकाला तेवढ्याच रुंदीची फट पाहिजे आणि दोन्ही फूटपाथना उतार पाहिजे, आणि ती मधली जागा व्हीलचेअर सुरक्षित उभी राहील एवढी ऐसपैस पाहिजे. उताराच्या तोंडाशी गोल उंचवट्यांच्या पिवळ्या फरशा लागतात, पायाला किंवा काठीला त्या लागल्या की न दिसणाऱ्याला कळतं की इथून पुढे रस्ता आहे. या फरशा जपानच्या सेइची मियाके यांनी काढल्या आणि १९६७ साली ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या क्रॉसिंगला पहिल्यांदा बसवल्या. आपल्याकडे मात्र त्या कितीतरी ठिकाणी शोभेसाठी नागमोडी लावून झाडावर किंवा खांबावर नेऊन सोडलेल्या दिसतात.

तुम्ही चौकाचे फोटो काढून महापालिकेला लेखी द्या आणि अर्जात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचा उल्लेख जरूर करा, त्यात रस्ते आणि सार्वजनिक जागा सगळ्यांना वापरता येतील अशा करणं सरकारवर बंधनकारक आहे.

प्रश्न : सोसायटीच्या गेटसमोरचे पट्टे पार पुसलेत. आम्ही वर्गणी काढून स्वतः रंगवले तर चालेल का? हल्ली ते थ्रीडी पट्टे निघालेत ते कसे? – सोसायटीचे सेक्रेटरी, पिंपरी-चिंचवड

भावना कळते पण करू नका. साधा ऑइल पेंट पावसात घसरडा होतो आणि दुचाकीवाला तिथेच ब्रेक मारतो. रस्त्यावर जो मारतात तो थर्मोप्लास्टिक, गरम वितळवून ओततात आणि ओला असतानाच वर काचेचे बारीक मणी शिंपडतात, ते मणी हेडलाइटचा प्रकाश परत ड्रायव्हरकडे फेकतात म्हणून रात्री पट्टे चमकतात. तुमच्या रंगात ते नसेल, म्हणजे तुम्ही समजणार झेब्रा आहे आणि रात्री गाडीवाल्याला तो दिसणारच नाही. वळणावर किंवा चढाच्या पलीकडे क्रॉसिंग घेतलं तर अजून धोका, जागा ठरवायलाही माणूस लागतो.

पट्टे रंगवणं हे ट्रॅफिक पोलिसांचं काम नाही, शहरातल्या रस्त्याला महापालिका, राज्य रस्त्याला पीडब्ल्यूडी. वॉर्ड ऑफिसला अर्ज द्या, ऑनलाइन तक्रार टाका, तक्रार नंबर जपून ठेवा, पावसाळा संपला की रस्त्याची कामं निघतात तेव्हा आधीच अर्ज गेलेला असलेला बरा. थ्रीडी म्हणजे हवेत ठोकळे तरंगल्यासारखे दिसणारे, अहमदाबादला २०१६ मध्ये एका आई-मुलीने काढले आणि खूप गाजले. दिसायला मस्त आहेत पण रोज जाणाऱ्याला चार दिवसात सवय होते आणि नवीन माणूस दचकून ब्रेक मारतो, मला ते पटत नाहीत. त्यापेक्षा पट्ट्यांवर एक चांगला दिवा मागा.

प्रश्न : आमच्या चौकात चालणाऱ्यांचा हिरवा दिवा लागतो आणि आम्ही मध्यापर्यंत पोचतो तोच मिटमिटायला लागतो. – ज्येष्ठ नागरिक संघ, ठाणे

काका, मिटमिटणारा हिरवा म्हणजे नवीन माणसाने आता उतरायचं नाही, जो मध्ये आहे त्याने पूर्ण करायचं, त्यामुळे घाबरून मागे फिरू नका. पण तुमची तक्रार योग्य आहे. हिशोब करताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरतात, १४ मीटरचा रस्ता म्हणजे १२ सेकंद. गुडघे दुखणारा माणूस ०.८ मीटरने चालतो, त्याला १७-१८ सेकंद लागतात. सिग्नल ज्याला सगळ्यात जास्त वेळ लागतो त्याच्यासाठी लावायला पाहिजे असं मला वाटतं.

तुमच्या संघातले चार जण, त्यात एक काठीवाले घ्या, आणि एक जण फूटपाथवर मोबाइलचं स्टॉपवॉच लावून उभा करा. आठवड्यात तीन वेळा, सकाळ-दुपार-संध्याकाळ, हिरवा किती सेकंद असतो आणि प्रत्येकाला ओलांडायला किती लागले ते एका कागदावर लिहा. तो कागद अर्जाला जोडून एक प्रत ट्रॅफिक पोलिसांच्या चौकीत आणि एक महापालिकेत द्या, कारण वेळ बदलायला दोघांचं लागतं. वेळ वाढवून देत नसतील तर मध्ये दुभाजकात थांबायची रुंद जागा मागा, म्हणजे सात-सात मीटर दोनदा ओलांडायचं, ते सगळ्यांना जमतं. तुमच्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का आणि तारीख मात्र घ्यायला विसरू नका.